व्हॅल्यू मशीन काढतं, मग टेक्निशियन काय करतो?

लेशमनताई

परवा भाचीच्या साखरपुड्यात एका काकांनी विचारलं, "तू अजून त्या रक्त-लघवीच्या लॅबमध्येच का? आता तर सगळं मशीनच करतं म्हणे." मी हो म्हणाले आणि जिलबी वाढून घेतली. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

१९९६ साली डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा, करून तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये लागले. तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत व्हायचं. नळीत एन/१० हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात पिपेटने तोंडाने ओढलेलं २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी टाकत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. आभाळ आलं असेल तर खिडकीशी जाऊन. हो, तोंडानेच ओढायचो. चुकून तोंडात गेलं तर चूळ भरून पुढचा नमुना. नवीन मुलांना हे सांगितलं की ती माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघतात. पांढऱ्या पेशी न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर: चार कोपरे मोजा, ५० ने गुणा. लघवीतली साखर म्हणजे ५ मिली बेनेडिक्टमध्ये ८ थेंब लघवी टाकून उकळणं. निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. पंचवीस पेशंट झाले की मान धरायची.

आता सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीला, एक मिनिट लागतं. नळी मशीनखाली धरा, बटण दाबा, कागद बाहेर.

गेल्या पावसाळ्यात हर्नियाच्या ऑपरेशनआधीचा एक सीबीसी आला. माणूस पन्नाशीचा, चालत आलेला, अंगावर कुठे लाल-निळा डाग नाही. मशीनने प्लेटलेट दिले २८,०००. डेंग्यूचे दिवस, त्यामुळे असा आकडा बघून कोणी दचकत नाही, उलट लगेच खरा वाटतो. मी स्लाइड ओढली, लेशमन (पेशी रंगवायचा स्टेन) केलं आणि मायक्रोस्कोपखाली शेपटाकडच्या कडेला गेले. तिथे प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके. काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेलं रसायन) प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीन अख्खा पुंजका एकच काहीतरी समजून सोडून देतं. पेशंटला परत बोलावलं, निळ्या झाकणाच्या सायट्रेट बल्बमध्ये (नळीला आम्ही बल्ब म्हणतो) रक्त घेतलं, लगेच लावलं. १,७२,०००. सायट्रेटच्या द्रावणाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, झाले १,८९,२००. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं.

मशीनने चूक केली असं मी म्हणणार नाही. समोर आलं ते त्याने मोजलं. पूर्वी आकडा काढण्यात माझा दिवस जायचा, आता तो धरायचा की टाकायचा हे ठरवण्यात जातो. पगाराच्या स्लिपवर मात्र आजही "लॅब टेक्निशियन" आणि लोकांच्या तोंडी "ती सुई टोचणारी".

या क्षेत्रातले कोणी असाल तर लिहा. पेशंट म्हणून कोणाला काही विचारायचं असेल तरी विचारा.

गोडबोले_नव्हे_कडूबोले

छान धागा, वाचतोय. एक अवांतर: उपाशीपोटी म्हणजे बिनसाखरेचा चहा चालतो का? बायको म्हणते चालतो.

लेशमनताई

नाही चालत. पाणी चालतं. वहिनींना माझं नाव सांगा.

रात्रपाळी

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नावाप्रमाणे रात्रपाळीला. ताईंनी स्लाइडचं लिहिलंय तसं आमच्याकडे फोनचं आहे.

रात्री दोनला आयसीयूमधून नमुना आला. ग्लुकोज ७८०, आणि संध्याकाळी १२.४ असलेलं हिमोग्लोबिन ७.१. आमचं सॉफ्टवेअर त्याच पेशंटच्या आधीच्या आकड्याशी ताडून बघतं, त्याला डेल्टा चेक म्हणतात. फरक मोठा असला की लाल पट्टी येते. इथवर मशीन. पुढे माझं डोकं: आठ तासांत एवढं हिमोग्लोबिन उतरलं तर रक्तस्राव हवा, पण रक्तस्राव झाला म्हणून साखर ७८० होत नाही. फोन लावला, "सिस्टर, ड्रिप कोणत्या हातात आहे?" उजव्या. "नमुना कोणत्या?" थोडा वेळ शांतता. उजव्याच. म्हणजे आम्ही रक्तात मिसळलेलं डेक्स्ट्रोज, ड्रिपमधलं साखरेचं पाणी, तपासत होतो. दुसऱ्या हाताचा नमुना मागवला, सगळं संध्याकाळसारखंच निघालं.

तो रिपोर्ट तसाच गेला असता तर इन्सुलिन सुरू झालं असतं आणि रक्ताची पिशवी लागली असती. पेशंटला यातलं काही कळत नाही, नातेवाइकांना तर नाहीच. त्यांच्या लेखी लॅबने "परत टोचलं".

जिवावर बेतणारे आकडे, म्हणजे पोटॅशियम ७ वगैरे, आम्ही फोनवर कळवतो, समोरच्याकडून आकडा परत वदवून घेतो आणि वेळ-नाव रजिस्टरला लिहितो. वीस वर्षांपूर्वी टेक्निशियनने डॉक्टरला आपणहून फोन करणं आगाऊपणा समजत. आता केला नाही तर मेमो मिळतो. रेसिडेंट डॉक्टर झोपेत "व्हॉट्सॲप करा ना" म्हणतात ते वेगळं.

बल्बवाला_पोरगा

बीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदवी) झालो, दोन वर्षं होम कलेक्शन करतोय. सकाळी साडेपाचला गाडी काढायची, पाठीवर आईसबॉक्स, नऊपर्यंत बारा-चौदा घरं. चौथा मजला, लिफ्ट बंद, आजींची शिर सापडत नाही, आजोबा म्हणतात "मागच्या वेळचा मुलगा चांगला होता". ॲपवर स्टार पडतात ते सुई किती दुखली यावर. रक्त बरोबर बल्बमध्ये, बरोबर क्रमाने घेतलं का, याला स्टार नाही.

एक कबुली देतो, इथे मला कोणी ओळखत नाही. पहिल्या महिन्यात एका काकांचं रक्त मधेच थांबलं. जांभळा बल्ब भरला होता, लाल अर्धा. परत टोचायला संकोच वाटला म्हणून जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं. दुपारी लॅबमधून मॅडमचा फोन: "ओतलंस ना?" मी गप्प. त्या म्हणाल्या, पोटॅशियम ११ आलंय आणि कॅल्शियम ४. एवढ्या पोटॅशियमला माणूस फोन उचलायला राहत नाही, आणि तुझे काका आत्ता बिल विचारायला फोन करून गेले. जांभळ्या बल्बमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. त्या दिवशी ते कळलं.

मॅडमनी रिपोर्ट अडवला, मला शिव्या घातल्या नाहीत, संध्याकाळी परत पाठवलं. काकांनी चहा पाजला. तेव्हापासून कमी पडलं तर सरळ सांगतो, परत टोचावं लागेल.

चाळीतला_चिकित्सक

बापरे. म्हणजे रिपोर्टवर छापून आलं ते खरंच असं नाही. आता झोप कशी लागायची?

लेशमनताई

@बल्बवाला, इथे लिहिलंस हे चांगलं केलंस. बऱ्याच चुका मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात: चुकीचा बल्ब, चुकीचं लेबल, उन्हात तासभर फिरलेला नमुना. साध्या बल्बमध्ये तसंच ठेवलेलं रक्त साखर खात बसतं, दर तासाला पाच-सात टक्के, म्हणून करडा फ्लोराइडचा बल्ब. तेव्हा सुई टोचणारा हा लॅबचा पहिला माणूस, त्याला कुरियरवाला समजू नये.

@चिकित्सक, झोपा निवांत. अडवणारं कोणीतरी असतं म्हणून तर हा धागा निघाला.

जुनी_पाटी

सगळे गोड गोड लिहिताहेत, मी थोडं कडू लिहितो.

१९९४ साली स्वतःची लॅब टाकली. कर्ज काढून कलरीमीटर घेतला, मग सेमी-ऑटो म्हणजे अर्धस्वयंचलित मशीन, मग पेशी मोजणारा थ्री-पार्ट सेल काउंटर. रिपोर्टवर माझी सही. गावातले डॉक्टर माझ्या स्लाइडवर डोळे झाकून औषध द्यायचे. १२ डिसेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. मूळ प्रकरण गुजरातचं, पण घाव आमच्यावरही. लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. आमच्या तालुक्यात तेव्हा असा एकही डॉक्टर नव्हता. शेवटी शहरातला एक मिळाला. महिन्याला ठरावीक रक्कम, सही स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये. वर्षातून दोनदा येतो, चहा घेतो, जातो. काम तेच, हात तेच, डोळे तेच. सही तेवढी भाड्याची.

याला सुधारणा म्हणायचं का?

शिवाय चौकात मोठ्या कंपनीचं कलेक्शन सेंटर आलंय, साठ तपासण्या ९९९ रुपयांत. मी रोज कंट्रोल लावतो, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, मशीन बरोबर चाललंय का बघायला. ती बाटली एकदा फोडली की मोजक्या दिवसांत संपवावी लागते. माझ्याकडे दिवसाला वीस नमुने. कंट्रोलचा खर्च वीस जणांत वाटायचा की दोन हजारांत, यावर गणित बसतं. आणि पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांचं कमिशन वेगळं, त्यावर तर बोलायलाच नको.

मायक्रोस्कोपबुवा

मी एमडी पॅथॉलॉजी. @जुनी_पाटी, तुमचा राग कळतो, पण अर्धाच पटतो.

सही म्हणजे हा आकडा आणि याचा अर्थ, दोन्हीची जबाबदारी. साधी साखर असेल तर अर्थ डॉक्टर लावतील. पण स्मिअरमध्ये ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या अपरिपक्व पेशी) दिसले, एफएनएसीत (गाठीतून सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीत) काही संशयास्पद आलं, तर तिथे रोगनिदान आहे, आणि ते करायला डॉक्टरकीचं शिक्षण लागतं. याच व्यवसायात रक्त न तपासता रिपोर्ट छापणारे महाभागही आहेत. सिंक टेस्ट म्हणतात त्याला, नमुना थेट बेसिनमध्ये. अशा वेळी जबाब विचारायला कोणीतरी एक नाव हवं.

आता उरलेला अर्धा. स्कॅन केलेली सही भाड्याने देणारे माझेच व्यवसायबंधू आहेत, आणि त्याची लाज तुमच्यापेक्षा आम्हाला वाटायला हवी. न बघता सही करणारा डॉक्टर आणि बघून सही न करू शकणारा टेक्निशियन, यात पेशंटचं भलं कोणाकडून होतं ते उघड आहे. माझ्या लॅबमध्ये काही संशय असलेली स्लाइड माझ्याकडे येते ती कोणीतरी बाजूला काढून ठेवली म्हणून. तो कोणीतरी बावीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तो रजेवर गेला की मला घाम फुटतो.

रात्रपाळी

डॉक्टरसाहेब, हे वाक्य त्याला कधी सांगितलंत का?

मायक्रोस्कोपबुवा

नाही. उद्या सांगतो.

लेस्टरची_लेक

माहेर सांगली, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला. इकडचं थोडं सांगते, तुलना म्हणून नव्हे, उत्सुकता असेल म्हणून.

इथे आमच्या पदाचं नाव बायोमेडिकल सायंटिस्ट, आणि ते नाव कायद्याने राखीव आहे. एचसीपीसी नावाच्या संस्थेत नोंदणी नसेल तर तुम्ही ते लावूच शकत नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यात कोणाकोणाला चिठ्ठी निघाल्यासारखं निवडून विचारतात, दोन वर्षांत नवीन काय शिकलात ते पुराव्यासकट दाखवा. रक्त काढणं आमच्याकडे नाही, ते फ्लेबोटॉमिस्ट करतात. उलट रात्री रक्तपेढीत क्रॉसमॅच करून, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून, पिशवी सोडायची की नाही हे मी एकटी ठरवते.

ज्येष्ठ मंडळी तर पुढे गेली आहेत. गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत असामान्य स्लाइडचा रिपोर्ट देणारे कन्सल्टंट बायोमेडिकल सायंटिस्ट इथे आहेत, आणि काही जण बायोप्सीचे ठरावीक प्रकारही रिपोर्ट करतात. आधी काही वर्षांचं प्रशिक्षण आणि घाम काढणाऱ्या परीक्षा, त्याही पॅथॉलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजच्या सहभागाने. भांडून मिळवलं असं नाही, पॅथॉलॉजिस्ट कमी पडायला लागले म्हणून दार उघडलं. जुनी_पाटी काकांच्या तालुक्यातही अडचण तीच होती, तिथे फक्त भाड्याची सही आली.

इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. पगारावरून इथेही कुरकुर आहेच, आणि शेजारीण मला अजून नर्सच समजते.

बल्बवाला_पोरगा

ताई, आपल्याकडेही २०२१ चा कायदा आलाय ना? राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. कॉलेजमध्ये सरांनी सांगितलं होतं, आता आपल्यालाही रजिस्टर मिळणार.

मायक्रोस्कोपबुवा

आलाय. त्याच्या अनुसूचीत पहिलाच गट मेडिकल लॅबोरेटरी आणि लाइफ सायन्सेसचा. दोन पायऱ्या ठेवल्यात: संलग्न आरोग्य व्यावसायिकाला किमान २,००० तासांचं शिक्षण, आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३,६००. केंद्रीय आणि राज्य रजिस्टर, एकसारखा अभ्यासक्रम, सगळं कागदावर आहे. महाराष्ट्रात त्याआधीचा २०११ चा परावैद्यक परिषदेचा कायदाही होता. पण रजिस्टरमध्ये नाव आल्याने सहीचा अधिकार आपोआप येत नाही, या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

जुनी_पाटी

आणि तीस वर्षं काम केलेल्यांचे तास कोण मोजणार?

सातपुडाकर

उशिरा आलो, आमच्याकडे नेट येतं-जातं. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला आहे, सरकारी नोकरी. भरतीच्या जाहिरातीत राज्याच्या आरोग्य खात्यात या पदाला "प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी" म्हणतात आणि जिल्हा परिषदेत "प्रयोगशाळा तंत्रज्ञ". गावात दोघांनाही "रगतवाला भाऊ".

वरची चर्चा वाचून मजा वाटली, कारण आमच्याकडे बदल दोन उलट्या दिशांनी झालाय. रक्ताचे बरेच नमुने आता गाडीने मोठ्या लॅबला जातात. मी काढतो, फिरवतो, पॅक करतो. त्या कामात मी हमाल. सेमी-ऑटोवर कापड टाकलंय.

दुसरीकडे टीबी. पूर्वी थुंकीची स्लाइड म्हणजे झील-नीलसन. कार्बोल फुक्सिन ओतून खालून तापवायचं, वाफ निघाली पाहिजे पण उकळता कामा नये, मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, मग मेथिलीन ब्लू. निळ्या रानात लाल काड्या शोधायच्या, १०० फील्ड. एवढं करून जंतू दिसला तरी औषध लागू पडेल का ते कळत नसे. आता ट्रूनॅट आहे. हे मशीन गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, आणि लाइट जाणाऱ्या गावात बॅटरी ही केवढी गोष्ट आहे ते शहरात समजणार नाही. तासाभरात टीबी आहे की नाही, असेल तर पुढच्या चिपवर टीबीचं मुख्य औषध रिफॅम्पिसिन चालेल की नाही. जे काम पूर्वी जिल्ह्याच्याही पलीकडे जायचं, ते माझ्या टेबलावर.

आणि सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या करणारा, आईबापांकडून येणारा आजार. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय अभियान सुरू झालं, पण आमच्या पट्ट्यात काम त्याआधीपासूनच. सॉल्युबिलिटी टेस्ट सोपी: नळीत द्रावण, त्यात थोडं रक्त, पाच मिनिटं, मग नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन बुजल्या तर पॉझिटिव्ह. पण तेवढ्याने वाहक की रुग्ण हे ठरत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी हवी. ही गोष्ट एकोणीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या सासूला पावरीत, इथल्या आदिवासी बोलीत, समजवायला कोण? डॉक्टर ओपीडीत शंभर पेशंटमध्ये. म्हणजे मीच. "तुला आजार नाही, तुझ्या रक्तात अर्धी खूण आहे, नवऱ्याचंही तपासू." नवऱ्याला आणायला तीन फेऱ्या लागल्या. माझ्या अभ्यासक्रमात बोलण्याचा पेपर नव्हता.

अजून एक. बाहेरच्या लॅबमधून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) छान ५.२ आलेला एक मधुमेही आला, उपाशीपोटी साखर २१०. सिकलसेलचा रुग्ण. लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर लागायला वेळच मिळत नाही, मग एचबीएवनसी खोटं बोलतं. मी चिठ्ठी लिहून डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मानलं.

लेशमनताई

काकांना आता जिलबी खाताना नाही, हा प्रतिसाद छापून देणार आहे.

गोडबोले_नव्हे_कडूबोले

ताई, बिनसाखरेची कॉफी?

रात्रपाळी

@सातपुडाकर, कोविडनंतर लोक आम्हालाही असंच विचारायला लागले. आधी पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश वाढवून शोधणारी तपासणी, हे काय असतं हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. २०२० च्या उन्हाळ्यात पीपीई किटमध्ये आठ-आठ तास, आत घामाने हातमोजे भरायचे, आणि बाहेर रिक्षावाला विचारतोय "सीटी किती आली?" सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा, आणि साधारण ३.३ सीटी कमी म्हणजे विषाणू दहापट, हे मी तेव्हा भाजीवाल्यालासुद्धा समजावलंय. नंतर आमची कंत्राटं संपली, पीसीआरची ती खोली आता स्टोअर रूम आहे. टाळ्या-थाळ्या लक्षात आहेत. असो.

सातपुडाकर

असो. एक कामाचं विचारायचं होतं, इथे जाणती मंडळी आहेत म्हणून. गेले दोन आठवडे माझं लेशमन बिघडलंय. सगळी स्लाइड निळी येते, लाल पेशीसुद्धा निळसर, मलेरिया बघायला त्रास होतो. स्टेन नवीन आहे, वेळ तीच: दोन मिनिटं नुसता स्टेन, मग दुप्पट पाणी घालून आठ मिनिटं.

लेशमनताई

पाणी कुठलं?

सातपुडाकर

डिस्टिल्ड संपलंय, मागणी केलीय. तोवर बोअरचं वापरतोय.

लेशमनताई

तिथेच आहे चूक. बोअरचं पाणी अल्कलीकडे झुकतं, मग सगळं निळं. पीएच ६.८ ते ७.२ च्या दरम्यान हवा.

सातपुडाकर

बाजारात इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी मिळतं. ते चालेल?

लेशमनताई

तात्पुरतं चालेल. बफरची गोळी (पीएच ठरावीक ठेवणारी) विरघळवून पीएच पट्टीने बघा, आणि आधी स्वतःच्या रक्ताची एक स्लाइड करा. लाल पेशी गुलाबी दिसल्या की मग पेशंटच्या घ्या. या दोन आठवड्यांत निगेटिव्ह दिलेल्या स्लाइड ठेवल्यात का?

सातपुडाकर

सगळ्या ठेवल्यात. एकेचाळीस आहेत. उद्यापासून परत बघायला घेतो.